भूगर्भातील उष्णता आणि आइसलंडचा अनुभव

निसर्गाची देणगी देशाला लाभली, म्हणजे ती प्रत्येक घरी पोहोचतेच असे नाही. इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्ही येथे आइसलंडचे उदाहरण घेत आहोत ते यासाठीच.

उत्तर अटलांटिक महासागरातील हे बेट परस्परांपासून दूर सरकणाऱ्या दोन भूपट्टांच्या सीमेवर वसले आहे. त्यामुळे तप्त शिलारस भूपृष्ठाच्या जवळ येतो. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी तापलेल्या खडकांमुळे गरम होते आणि झऱ्यांच्या रूपाने वर येते.

राजधानी रेक्याविकजवळ असे झरे होते. एकोणिसाव्या शतकात शहरातील मोलकरणी व गृहिणी कपड्यांची ओझी पाठीवर घेऊन सुमारे ३ किलोमीटर चालत तेथे धुणे धुण्यास जात. उकळत्या पाण्यात पडून काहींनी प्राणही गमावले. उष्णता जवळच होती; घरात मात्र कोळसा जळत होता. १९३० साली या झऱ्यांपाशी घेतलेल्या विंधनविहिरींचे पाणी नळाने शहरात आणण्यात आले. ते सर्वप्रथम पोहोचले एका प्राथमिक शाळेत. पुढे रुग्णालयात आणि सुमारे ६० घरांत. हिवाळ्यातील पहाटे वसतिगृहात थंड पाण्याने स्नान केलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या क्रमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९७३ च्या तेलसंकटानंतर शासनाने ही व्यवस्था देशभर वाढविली. आज तेथील दहापैकी सुमारे नऊ घरे भूगर्भातील उष्णतेवर उबदार राहतात.

वीजनिर्मितीचा आरंभ १९६९ साली ब्यार्नारफ्लाग येथील लहान केंद्राने झाला. २००६ मध्ये सुरू झालेल्या हेलिसहेइदी केंद्राची क्षमता पुढे ३०३ मेगावॅटपर्यंत गेली. खोल विहिरींतील वाफ जनित्राचे चक्र फिरविते. परंतु उष्णतेचा अल्प भागच विजेत रूपांतरित होतो. म्हणून उरलेल्या उष्णतेने थंड पाणी तापवून ते शहराला पुरविले जाते. हरितगृहांतील टोमॅटो, मासे सुकविणे, पोहण्याचे तलाव, पदपथांवरील बर्फ वितळविणे, अशा कामीही ही उष्णता थेट वापरली जाते.

हा साठा अमर्याद नाही. अतिउपशाने भूगर्भातील दाब घटतो. म्हणून वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडावे लागते. वाफेसोबत येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचाही बंदोबस्त करावा लागतो.

आइसलंडने हे ज्ञान स्वतःपुरते ठेवले नाही. १९७९ पासून केनियासह अनेक विकसनशील देशांतील तज्ज्ञ तेथे प्रशिक्षण घेत आले आहेत. ज्या पाण्यासाठी एके काळी स्त्रियांना ओझी वाहावी लागली, तेच पाणी सार्वजनिक निर्णयामुळे घरोघरी गेले. हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाबरोबरच इतिहासाच्या वहीतही नोंदवावा.