श्रीक्षेत्र चौल : बंदर ओसरले, पाणी राहिले

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, कुंडलिकेच्या मुखाजवळ, नारळी-पोफळीच्या वाड्यांत चौल वसले आहे. आज शांत भासणारे हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात ‘सेमुल्ला’ असा त्याचा उल्लेख येतो. अरब प्रवासी त्यास ‘सैमूर’ म्हणत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास येथेच उतरला. पुढे पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी रेवदंड्याचा किल्ला बांधला. तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. मुंबई बंदराच्या उत्कर्षानंतर मात्र चौलचा व्यापार ओसरला.

मग त्या वैभवातून मागे काय उरले? याचे एक उत्तर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कोरलेले आहे. तेथील एका शिलालेखानुसार ‘चेमुल’ येथील हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याच्या, पुत्राने पाण्याची पोढी दान दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. खाऱ्या पाण्यावरून आलेल्या संपत्तीचे त्याने गोड्या पाण्यात रूपांतर केले. गलबते गेली, बाजार उठला. दात्याचे दान मात्र सुमारे अठरा शतकांनंतरही वाचता येते.

हीच दृष्टी चौलच्या श्रीरामेश्वर मंदिरासमोर उभे राहिले की मनात ठसते. मंदिरापुढे चौरस, बांधीव पुष्करणी आहे. मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे असून, अवर्षणसमयी पर्जन्यकुंड उघडल्यास वृष्टी होते, अशी परंपरागत श्रद्धा आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही येथील माणसाने देवाजवळ मागितले ते पिण्याचे पाणी!

दर्शनार्थींनी सकाळी उन्हापूर्वी भोवाळे येथील टेकडीवरील श्रीदत्तमंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. मार्गशीर्ष पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. नंतर श्रीरामेश्वराचे दर्शन घेऊन रेवदंड्याची तटबंदी व निकितिनचा स्मारकस्तंभ पाहावा. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो.

भाविकांना नम्र विनंती, की पुष्करणीत निर्माल्य, नाणी वा प्लास्टिक टाकू नये आणि जुन्या वास्तूंचे दगड हलवू नयेत. देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे : नवी वास्तू उभारणे हे पुण्य खरेच, परंतु पूर्वजांनी बांधलेले तळे गाळाने भरू न देणे, हेही तितकेच मोठे दान होय.