समुद्र घरात येईल का?

किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो, "आजवर आला नाही, आता कशाला येतो?" असे म्हणून भागत नाही. आपण जरा हिशेब करून पाहू.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पत्रे उडाले, कौले फुटली. दिवेआगर, श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सात-आठ वर्षे जातात! पाण्याने मात्र त्या मानाने कमी नुकसान केले. का बरे? वादळ दुपारी आले. सकाळची भरती उलटून ओहोटी लागली होती. तेच वादळ दोन दिवसांनी, वटपौर्णिमेच्या ऐन भरतीत आले असते तर? वादळ समुद्राचे पाणी तीन-चार फूट सहज उचलते. मोठे असेल तर अधिकही. ते उधाणाच्या भरतीवर चढले, की खाडीचा बांध काय पुरणार?

भरतीची वेळ काढणे सोपे आहे. तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजावे. खाडीत आत गेल्यावर थोडा उशीर होतो.

आता घराची उंची. उधाणाला पाणी कुठवर येते तिथे खूण करा. गवंड्याची पाण्याची नळी लावून, खुणेपासून आपले जोते किती वर आहे ते मोजा. घर समुद्रापासून लांब आहे, यावर विसंबू नका. खाडीकाठचे घर मैलभर आत असूनही सखल असते. जोते पाच-सहा फुटांहून कमी वर असेल, तर वादळाची सूचना येताच पोरे, म्हातारी माणसे, गुरे उंचावर न्यावी. वारा सुटल्यावर वाट सापडत नाही.

त्सुनामीचे तसे नाही. ती तिथी पाहत नाही, तिला वाराही लागत नाही. समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला, की ती लाट उठते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरानच्या किनाऱ्यापाशी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, असा भूकंप झाला. काही तासांनी लाट मुंबईला पोचली आणि माणसे बुडाली. आपल्याकडे ती क्वचितच येते, वादळाची भीती जास्त. तरी एक ध्यानात ठेवा. ओहोटीची वेळ नसताना समुद्र एकाएकी मागे हटला, तर मासे वेचायला पुळणीवर उतरू नका. थेट टेकडी गाठा. एक लाट ओसरली म्हणून लगेच खाली येऊ नका. मागची तिच्याहून मोठी असू शकते.