कुत्र्याला जंताचं औषध: खर्च किती, फसगत कुठे

आधी हिशेब. तुमचं गावठी कुत्रं 14 किलोचं असेल, तर प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल या तीन घटकांची गोळी एका वेळी दीड लागते, कारण साधारण 10 किलोमागे एक असं तिचं प्रमाण आहे. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी डोस, म्हणजे वर्षाला सहा गोळ्या. कंपनीनुसार एका गोळीला साधारण 50 ते 150 रुपये धरा. वर्षाचा खर्च 300 ते 900 रुपये. यापेक्षा बराच मोठा आकडा कुणी सांगितला तर त्यात आणखी काय धरलंय ते विचारा. बहुतेकदा टॉनिक असतं, नाहीतर गोचिडाची गोळी. दोन्हींचा जंताशी संबंध नाही.

कळंबात राहत असाल तर पहिली चौकशी तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. तिथे शुल्क नाममात्र असतं, पावती मागा. कुत्र्याची गोळी दवाखान्यात शिल्लक नसते असं पुष्कळदा होतं. मग चिठ्ठी घ्या आणि बाहेरून आणा. सकाळीच जा, डॉक्टर नंतर गावोगाव फिरतीवर असतात. 1962 हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, पण तो मुख्यतः गाईम्हशींच्या अडीनडीसाठी. जंताच्या गोळीसाठी गाडी येईल अशी आशा नको. खासगी डॉक्टरांना घरी बोलावणार असाल तर येण्याचे पैसे आणि औषधाचे पैसे आधीच वेगळे विचारून घ्या. दवाखान्यात जाताना सोबत कुत्र्याची लसीकरणाची पुस्तिका न्या, नसेल तर साधी वही चालेल: तारीख, वजन, औषधाचं नाव, बॅच क्रमांक. रेबीजच्या वार्षिक इंजेक्शनच्या फेरीतच एक जंताचा डोस उरकला तर एक चक्कर वाचते.

वजन अंदाजाने सांगू नका. घरात वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून उभे राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा. नसेल तर ओळखीच्या अडतीवर जा. सोयाबीन तोलणारा काटा कुत्रंही तोलतो, फक्त गर्दीच्या वेळी नको.

पिल्लांचं वेळापत्रक वेगळं. दोन आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. त्यांना पातळ औषध मिळतं, ते सुईविना सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू सोडा. आईलाही पिल्लांसोबतच डोस हवा. मोठ्या कुत्र्याला सरसकट दरमहा गोळीची गरज नाही. मात्र ते मोकाट हिंडत असेल, खाटकाकडची कच्ची आतडी-फुफ्फुसं खात असेल किंवा घरात रांगतं मूल असेल, तर डॉक्टर महिन्यालाही देतात. कच्चं खाणं बंद करणं मात्र त्याहून स्वस्त. विष्ठेत किंवा शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो. पिसवा तशाच ठेवून गोळी दिली तर पैसे पाण्यात.

आता सगळ्यात महाग पडणारा ‘स्वस्त’ उपाय. गोठ्यात आयव्हरमेक्टिनची बाटली असतेच, आणि ‘एक एमएल टोचून टाका’ म्हणणारा शेजारीही असतो. ऐकू नका. जनावरांच्या एक टक्का औषधात प्रत्येक मिलीलीटरला 10,000 मायक्रोग्रॅम असतात. हृदयकृमी रोखायला कुत्र्याला महिन्याला किलोमागे फक्त 6 मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे 15 किलोला 90. एक एमएल म्हणजे शंभरपटीहून जास्त. तीन किलोच्या पिल्लाला तेवढं गेलं तर जिवावर बेततं, मग जात कुठलीही असो. कोली आणि तिच्याशी नातं असलेल्या जातींना, काही जर्मन शेफर्डनाही, जनुकातल्या दोषामुळे याहून कितीतरी कमी औषध बाधतं. लाळ गळणं, झिंगल्यासारखं चालणं, बुबुळं मोठी होणं, झटके अशी लक्षणं दिसली तर वाट बघू नका. यावर खास उतारा नाही, सलाइन लावून सांभाळत बसावं लागतं, आणि ते बिल वर्षाच्या गोळ्यांच्या कितीतरी पट असतं. शेळ्यांचं अल्बेंडाझोलही कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका.

हृदयकृमी डासांमधून येतो आणि आतड्याच्या साध्या गोळीने तो थांबत नाही. आपल्या देशात त्याच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडच्या. म्हणून कळंबातल्या प्रत्येक कुत्र्याला त्याचं महागडं मासिक औषध लागेलच असं नाही. डॉक्टरांना थेट विचारा, इथे का द्यायचं? द्यायचं ठरलं आणि कुत्रं सात महिन्यांहून मोठं असेल तर आधी रक्ततपासणी. अंगात जंत असताना औषध सुरू केलं तर त्रास होऊ शकतो. तपासणीचं किट कळंबात नसेल तर लातूरला किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, पण निघण्यापूर्वी किट आहे का, दर किती, हे फोनवर पक्कं करा. हे औषध एकदा सुरू केलं की तारीख चुकवू नका. मोठ्या कुत्र्याची चघळायची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना वाटण्याची युक्तीही नको. औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

दुकानात पूर्ण पट्टी घ्यायचा आग्रह झाला तर मुदत बघा. सुट्या गोळ्या घेताना पट्टीचा मुदत छापलेला तुकडा मागा आणि बिल घ्या. बिलाशिवाय औषध बदलून मिळत नाही.

गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवून द्या, उपाशी ठेवायची गरज नाही. तासाभरात उलटी झाली तर लगेच दुसरी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस विष्ठा खराट्याने नाही, फावड्याने उचलून पुरा, मुलं खेळतात त्या जागेपासून लांब. दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडलंय. आणि रात्री-अपरात्री काही बिघडलंच, तर कुत्र्यासोबत रिकामी पट्टीही न्या. डॉक्टरांना पहिलं तेच बघायचं असतं.