अनोळखी प्रोग्रामिंग भाषा वर्गासमोर कशी मांडायची? (टॅलीच्या टीडीएलचं उदाहरण)



आपल्या गंगापूरच्या बॅचमध्ये एक काम सगळ्यांना असतं. वर्गात कुणालाच माहीत नसलेली एक प्रोग्रामिंग भाषा निवडायची, तिचा अभ्यास करायचा आणि दहा मिनिटांत बाकीच्यांना समजावून सांगायची. यावर हमखास प्रश्न येतो: "मला दुकान टाकायचंय, प्रोग्रामर थोडीच व्हायचंय?"

बरोबर आहे. पण उद्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घ्यायला तुम्ही कुणाला तरी पैसे देणारच. समोरचा काय करतोय हे अजिबात कळत नसेल, तर तो सांगेल ती किंमत आणि म्हणेल ती पूर्वदिशा. म्हणून हा अभ्यास. व्हिडिओत पायऱ्या भरभर सांगितल्या होत्या, इथे सावकाश बघू.

पायरी १ : भाषा निवडा, पण आपल्या कामातली

पायथॉन, जावा सगळेच घेतात. आपण घेऊ टीडीएल, म्हणजे टॅली डेफिनिशन लँग्वेज. टॅली आपल्याकडे कापड दुकानापासून वाळूजच्या कारखान्यांपर्यंत चालतं, पण ते आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतं अशी भाषा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पायरी २ : ही भाषा कुणाच्या गरजेतून आली?

प्रेझेंटेशनची सुरुवात व्याख्येने करू नका, गरजेने करा. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवायचा व्यवसाय होता. हिशोबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंका यांना ते लिहायला सांगितलं. त्यातून १९८६ साली कंपनी उभी राहिली. २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. म्हणजे टॅलीचं मूळ एका व्यापाऱ्याच्या अडचणीत आहे.

पण प्रत्येक व्यापाऱ्याचं बिल वेगळं, रिपोर्ट वेगळा. एकच सॉफ्टवेअर सगळ्यांना कसं पुरणार? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे टीडीएल.

पायरी ३ : रचना ओळखीच्या वस्तूवर समजवा

नुसतं "टीडीएल ही डिक्लरेटिव्ह भाषा आहे" म्हणालात तर वर्ग मोबाईल काढेल. त्याऐवजी बिलबुक हातात घ्या.

- रिपोर्ट : ग्राहकाने मागितलेलं अख्खं बिल
- फॉर्म : ते ज्या पानावर मांडलंय ते पान
- पार्ट : पानाचे भाग. वर दुकानाचं नाव, मध्ये माल, खाली एकूण रक्कम
- लाइन : मालाची एक ओळ
- फील्ड : ओळीतला एक रकाना. नाव, नग, दर

टीडीएलमध्ये हेच लिहायचं असतं. रिपोर्टमध्ये कोणता फॉर्म, फॉर्ममध्ये कोणते पार्ट, असं फील्डपर्यंत उतरत जायचं. "आधी हे कर, मग ते कर" अशा सूचना कमी आणि "मला असं पान हवंय" हे वर्णन जास्त. डिक्लरेटिव्हचा अर्थ एवढाच. पुढे या भाषेत पायरी-पायरीने काम करणारी फंक्शन्सही आली, पण पहिल्या दहा मिनिटांत त्यात शिरू नका.

पायरी ४ : छोटं काहीतरी चालवून दाखवा

टॅलीच्या मुख्य मेनूत एक नवीन ओळ टाका. ती दाबली की पडद्यावर "नमस्कार गंगापूर" दिसलं पाहिजे. यासाठी वरचे पाचही भाग एकेकदा लिहावे लागतात, म्हणून उजळणीही होते. फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते. टॅलीप्राइमच्या हेल्पमध्ये टीडीएलचा पर्याय आहे, तिथून ती जोडायची.

टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तिच्यात महिन्यातल्या १, २ अशा ठराविक तारखांच्याच नोंदी होतात. वर्गासमोर आजची तारीख टाकाल आणि अडकाल. घरी एकदा पूर्ण तालीम करा.

पायरी ५ : धंद्यात उपयोग काय, तोटा कुठे?

खरे मार्क इथे आहेत. समजा लासूर स्टेशनला तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी हवी. त्यासाठी टीडीएल लागत नाही! ती सोय टॅलीत आधीपासून आहे, फक्त सेटिंगमध्ये चालू करायची. म्हणून पहिला नियम: बदलाचे पैसे मोजण्याआधी ती सोय आधीच आहे का, ते बघा.

आता तुम्हाला हवंय, शेतकऱ्याने औषध कोणत्या पिकासाठी नेलं याची नोंद. कापूस, मका की अद्रक? हा रकाना टॅलीत नाही. इथे टीडीएलने स्वतःचा रकाना तयार करता येतो. हंगाम संपल्यावर कोणत्या पिकावर किती माल गेला याचा रिपोर्ट निघतो आणि पुढची खरेदी अंदाजावर न करता नोंदीवर करता येते.

आणि तोटा? टीडीएलची फाइल दोन प्रकारे मिळते. एक उघडून वाचता येते. दुसरी टीसीपी, ती चालते पण आतलं वाचता येत नाही. बनवणारा माणूस उद्या गाव सोडून गेला आणि तुमच्याकडे फक्त टीसीपी असेल, तर छोटा बदलसुद्धा दुसऱ्याला त्यात करता येत नाही. काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पैसे ठरवतानाच विचारा: "मूळ फाइल मला मिळणार का?" काही जण नाही म्हणतील, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण मग किंमत त्या हिशोबाने ठरवा आणि जे ठरलं ते कागदावर घ्या.

बघा, हा प्रश्न विचारायला प्रोग्रामर व्हावं लागलं नाही. भाषा कशी चालते एवढं कळणं पुरेसं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातलं एक सॉफ्टवेअर घ्या, बिलिंगचं, वजनकाट्याचं, काहीही. वहीत चार उत्तरं लिहा: ते कोणत्या गरजेतून आलं, त्याची रचना कशी, मला हवा तो बदल त्यात होतो का, आणि बदल करणारा माणूस गेला तर पुढे काय. मग ते घरातल्या अशा व्यक्तीला समजावून सांगा, जिचा कॉम्प्युटरशी संबंध नाही. तिला कळलं, तर वर्गालाही कळेल.

पुढच्या भागात भेटू!