आधी परवानगी, मग करवत

प्रश्न : कोथरूडमध्ये झाडांच्या छाटणीचा व्यवसाय सुरू करतोय. सुरुवात कशी करू?

उत्तर : १९७५ च्या राज्य कायद्यानुसार शहरात खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी ‘आम्ही बघतो’ म्हणतील. पण परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय माणूस झाडावर चढवू नका. पहिला खर्च दोर, हार्नेस, हेल्मेट आणि कामगारांच्या विम्यावर करा. गुलमोहर ठिसूळ, त्याच्या फांदीवर भरवसा नको. जाड फांदी आधी खालून थोडी कापा, मग जरा पुढे वरून; नाहीतर ती खोडाची साल सोलत खाली येते. शेजारी वीजतारा असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या. दरात फांद्या नेणाऱ्या टेम्पोचं भाडं धरा, नवखे तिथेच बुडतात.