यंत्र घरात आलं, आकडे कोण बघतंय?

खानदेशातल्या कितीतरी घरांत आज आईवडील चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या गावात आणि मुलं पुण्याला नाहीतर सुरतेला असतात. करोनातल्या गृहविलगीकरणाने ऑक्सिमीटर घरोघरी नेला, मागोमाग बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर आले, आणि आता रोज सकाळी आकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. खाली चार अंगठे उमटले की सगळ्यांना वाटतं, लक्ष आहे. मला या समाधानाचीच भीती वाटते. आकडा पोचला म्हणून तो वाचून कुणी काही ठरवलं, असं होत नाही. आधी वाचणारा माणूस ठरवा, यंत्र मागाहून घ्या.

हे माझ्या मनचं नाही. हृदय कमजोर झालेल्या १,६५३ रुग्णांची अमेरिकेतली पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्यांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला लक्षणं आणि वजन कळवायचं होतं. आलेली माहिती कामाच्या दिवशी तपासली जाई. सहा महिन्यांनी पाहिलं, तर पुन्हा भरती होण्यात किंवा दगावण्यात फरक पडलेला नव्हता. आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे शेवटी जेमतेम ५५ टक्के उरले होते. जर्मनीतून २०१८ मध्ये याच आजारावर दुसरा निकाल आला आणि तिथे मृत्यू कमी झाले. वजन, बीपी, ईसीजी तिथेही घरूनच जात होतं. पण बर्लिनच्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर असत, रुग्णाला स्वतःहून फोन करत, लागलं तर औषध बदलत. दोन्हीकडच्या रुग्णांची निवड सारखी नव्हती, हे मान्य. तरी पलीकडे जागं माणूस असण्याचं महत्त्व त्यातून मला स्पष्ट दिसतं.

वाचणारा मिळाला तरी आकडा खरा हवा, आणि इथे आपला उन्हाळा आडवा येतो. शुगरच्या पट्ट्यांच्या डबीवर बहुधा ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरातलं तर विचारूच नका. अशा पट्टीवर विसंबून इन्सुलिन कमीजास्त करणं धोक्याचं. डबी घट्ट लावून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून मोजतो. नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेलं बोट यांमुळे तो चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो. म्हणून आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय, अशा वेळी माणसाकडे बघा. बीपीसुद्धा शेतातून आल्या आल्या मोजू नये. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसू द्या, मग उघड्या दंडाला पट्टा बांधा.

कुणी म्हणेल, सातपुड्याच्या पाड्यावर डॉक्टरच नाही, तिथे काहीच नसण्यापेक्षा मशीन बरं. मुद्दा खरा आहे. ई-संजीवनीमुळे गावाजवळच्या आरोग्य केंद्रातूनही डॉक्टरांशी बोलता येतं, त्याचा उपयोग करून घ्यावाच. पण यावल-रावेरच्या डोंगरपट्ट्यात रेंज गेली की अ‍ॅप मुकं होतं, आणि आकडा न आल्याचंही कुणाला कळत नाही. तिथे नेटवर चालणाऱ्या महागड्या घड्याळापेक्षा ठरल्या वेळी लावलेला साधा फोन किंवा एसएमएस भरवशाचा. फोन आला नाही तर शेजारच्याने घरी जाऊन बघायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. आशाताईंवर सगळं टाकू नका. त्यांच्या मागे आधीच ढीगभर कामं असतात. मुलगा बघतोच की, हेही उत्तर पुरत नाही, कारण सुरतेत रात्रपाळीला गेलेला मुलगा आकडा दुसऱ्या दिवशी बघणार.

तेव्हा गाव सोडण्याआधी डॉक्टरांना विचारून एक कागद मशीनशेजारी भिंतीला लावा. रोज आकडे कोण बघणार, तो नसेल तर कोण, कोणत्या आकड्याला डॉक्टरांना फोन करायचा आणि कोणत्या लक्षणाला थेट १०८ लावायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहा. आईला वाचता येत नसेल, तर ते तिच्याकडून पाठ करून घ्या.