वॉरंटीतली गाडी बाहेर दाखवावी का?

अगं सुमे, एकवीरा आईच्या पायथ्याशी नारळ फोडून गाडी घरी आणलीस, आणि आता सर्व्हिसिंगचा घोर लावून घेतलायस. खरंय तुझं. कार्ल्याहून पिंपरी-चिंचवडला गाडी टाकायची म्हणजे अख्खा दिवस मोडतो. कामशेतचा मिस्त्री दोन तासांत ऑइल बदलून देतो, पण शोरूमवाला म्हणतो, "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली!" घाबरू नको गं. पण बेफिकीरही राहू नको.

असलं सरसकट धमकावणं भारतीय स्पर्धा आयोगालासुद्धा मान्य नव्हतं. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. मारुती, होंडा, टोयोटा त्यात होत्याच. आपल्या चाकण-पिंपरीत कारखाने असलेल्या टाटा, मर्सिडीज, फोक्सवॅगनही होत्या. ओरिजिनल स्पेअर आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोचूच देत नाहीत, हे मूळ दुखणं. आयोगानं बजावलं, की नुसतं बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. तेव्हा हा आदेश नाचवत काउंटरवर भांडायला जाऊ नकोस. तुझी खरी ताकद तुझ्या फायलीत हवी.

पहिल्या फ्री सर्व्हिस मात्र शोरूमलाच कर. लेबर लागत नाही, आणि कारखान्यातूनच राहिलेला दोष असला तर त्यांच्या जॉब कार्डावर नोंदला जातो. बारीक आवाज, कंपन, जे जाणवेल ते तिथे लिहूनच घे.

पुढची साधी सर्व्हिस बाहेर करायची, तर आधी मॅन्युअल उघड. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडलं असेल बघ. सर्व्हिसचं वेळापत्रक, ऑइलचा ग्रेड आणि वॉरंटीच्या अटी, एवढं नीट वाच. किलोमीटर आणि महिने, जे आधी भरेल त्याची तारीख चुकवायची नाही. मिस्त्री म्हणाला, "ताई, ड्रममधलं टाकतो, एक नंबर माल आहे," तर सरळ नाही म्हण. मॅन्युअलमधल्या ग्रेडचा सीलबंद डबा तुझ्यासमोर फोडायला लाव.

आणि बिल पक्कंच घे. वहीचं पान फाडून त्यावर नुसतं 'सर्व्हिसिंग' आणि रक्कम लिहिली, तर ते काही कामाचं नाही. गाडीचा नंबर, तारीख, मीटरचं रीडिंग, ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर, जीएसटी, सगळं बिलावर हवं. मीटरचा आणि फिल्टरच्या खोक्याचा फोटोही काढून ठेव.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर ही झिजणारी, बदलायचीच कामं. ती बाहेर खुशाल कर. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, एअरबॅग यांत काही खुट्ट झालं तर मात्र थेट शोरूम. वॉरंटीत जे फुकट होतं, त्याला बाहेर पैसे का मोजायचे? आणि मिस्त्रीनं आधी उघडून पाहिलं, की दोष कुणाचा यावरच वाद सुरू होतो. सगळ्यात जपायचं वायरिंगला. घाटातल्या धुक्यासाठी म्हणून कुठल्यातरी दुकानात वायर कापून जादा लाइट लावलेस, तर इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळेल.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असशील, तर तिच्या अटी वेगळ्या वाच. बऱ्याच योजनांत अधिकृत सेंटरलाच सर्व्हिस करण्याची अट असते. तशी असेल तर गुमान शोरूमची वाट धर.

एवढं करूनही क्लेम नाकारला, तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नकोस. कोणता भाग, बाहेरच्या कुठल्या कामामुळे बिघडला, हे लेखी माग. लेखी द्यायचं म्हटलं की निम्मे आवाज तिथेच खाली येतात. तरीही नाही जमलं, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून कागद घरात इकडेतिकडे टाकू नकोस.

आज रात्री जेवणं उरकली की अटींच्या पानाचे फोटो मला पाठव. मी चष्मा लावून वाचते, मग तुझ्या मिस्त्रीचं बघू.

तुझी ताई